युवक संघाचे सेवाकार्य कसे सुरू करावे आणि कसे टिकवावे

नाताळच्या आठवड्यात ब्लँकेटे वाटावीत, एप्रिलमध्ये बसस्थानकासमोर पाणपोई घालावी, एखाद्या रविवारी वृद्धाश्रमात फळे घेऊन जावे, अशी कामे मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांचे, म्हणजे चर्चच्या समूहांचे, युवक संघ मनापासून करतात. ही कामे चांगलीच आहेत. परंतु ज्याला ब्लँकेट मिळाले त्याचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक असते का, हा प्रश्न प्रत्येक संघाने स्वतःला विचारायला हवा. विश्वास सेवेतून जगायचा असेल, तर आपल्या गावातले एकच काम निवडून ते वर्षभर, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम निवडण्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय युवक सभेत सावकाश वाचावा. तेथे प्रभू येशू भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला अशा सहा जणांचा उल्लेख करतो. आपल्या शहरात हे सहा जण कोण, याचा शोध घ्यावा. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तान्हेला कोण हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे परक्या जिल्ह्यात उसाच्या फडावरच्या कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात आणि त्यांची काही मुले मागे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात. या यादीतून आपल्याला पायी किंवा एका एसटीने गाठता येईल असे एकच काम घ्यावे, कारण दूरचे काम परीक्षेच्या दिवसांत सर्वांत आधी बंद पडते.

जेथे मोठे सरकारी रुग्णालय आहे, तेथील संघांना मी नेहमी रुग्णालयातील मदतीचे काम सुचवतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय येथे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसाला आजाराइतकाच त्रास वाट न सापडल्याने होतो. केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, एक्स-रे कोणत्या इमारतीत आहे, रक्तपेढीत काय द्यावे लागते, हे त्याला माहीत नसते आणि विचारण्याचा धीरही होत नाही. प्रथम पाळकांचे किंवा फादरांचे पत्र घेऊन रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, वरिष्ठांची लेखी परवानगी मिळवावी आणि बाह्यरुग्ण विभागाच्या सकाळच्या वेळेत दोघादोघांच्या जोडीने उभे राहावे. केसपेपर काढून देणे, अर्ज वाचून दाखवणे, म्हाताऱ्या माणसाला चाकाच्या खुर्चीवरून तपासणीपर्यंत नेणे, मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलापर्यंत सोबत जाणे, एवढेच आपले काम. रेशनकार्ड आणि आधारकार्ड गावीच राहिले म्हणून अडलेले नातेवाईक तेथे वारंवार भेटतात. अशा वेळी गावाकडे फोन लावून कागद कोणाबरोबर पाठवता येतील हे ठरवून देणे, ही फार मोठी मदत ठरते. औषधाबद्दल सल्ला देऊ नये, कोणाचे पैसे हातात घेऊ नयेत आणि आजार काय आहे याची चौकशी करू नये.

ज्यांना असा नियमित वेळ देता येत नाही, त्यांनी रक्तदात्यांची यादी सांभाळावी. वय 18 पूर्ण असावे, वजन किमान 45 किलो असावे, आणि दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन, तर स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. महाविद्यालयांना सुट्टी असते तेव्हा शिबिरे कमी होतात, म्हणून मे महिन्यासाठी काही नावे मुद्दाम राखून ठेवावीत.

मुलांचा अभ्यास घ्यायचा असेल, तर पालकांची आणि मुख्याध्यापकांची संमती आधी घ्यावी, कोणीही एकट्याने एका मुलासोबत बंद खोलीत बसू नये, आणि एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली, तर ती मंडळीतच न मिटवता 1098 या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवावी. या बाबतीत भीड कामाची नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये. कोणी विचारले तर मोकळेपणाने सांगावे. परंतु मदत घेणारा माणूस अडचणीत असतो आणि त्याला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, म्हणून सेवेच्या ठिकाणी पत्रके वाटू नयेत, सभेचे निमंत्रण देऊ नये, आणि रुग्णाने स्वतःहून मागितल्याशिवाय प्रार्थनेसाठी हात पुढे करू नये. बायबलमधील चांगल्या शोमरोन्याच्या (परक्या समाजातील वाटसरूच्या) दाखल्यात जखमी माणसाला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याला उतारशाळेत नेले जाते आणि पुढचा खर्चही भागवला जातो. संघाने कामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर चर्चमध्ये एकत्र प्रार्थना करावी, त्या दिवशी भेटलेल्या माणसांसाठी नाव न घेता विनंती करावी. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण मोबाईलच्या काळात एका साध्या नियमाने पाळता येते: मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही.

व्यवस्थेसाठी एक जाड वही पुरते. त्यात तारीख, कोण आले, काय काम झाले आणि काय अर्धवट राहिले, एवढे लिहावे. दानार्पणातून किंवा वर्गणीतून पैसा आला, तर दोघांनी मिळून मोजावा आणि दर महिन्याला मंडळीच्या पंचकमिटीपुढे हिशेब वाचावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना मोकळे करून नोकरी करणाऱ्यांनी पाळ्या घ्याव्यात. मुलींच्या सेवेच्या पाळ्या दिवेलागणीआधी संपतील असे पाहावे, म्हणजे घरच्यांचीही काळजी मिटेल आणि त्यांचा सहभाग टिकेल.

आपल्याकडील तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला जातात, हे गृहीत धरूनच पुढची आखणी करावी लागते. प्रत्येक जोडीत एक जुना आणि एक नवा सेवक ठेवावा. जाणाऱ्याने जाण्यापूर्वी नव्याला समाजसेवा अधीक्षकांकडे स्वतः नेऊन ओळख करून द्यावी आणि वहीतली अर्धवट कामे एकेक वाचून त्याच्या हवाली करावीत.