सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करून घ्यावी

मृत्यूचा दाखला, चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि सगळ्या वारसांची आधार कार्डं जवळ असतील असं धरून चालतो. अर्ज महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर भरा किंवा तलाठ्याकडे द्या (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, माणूस तोच). पोच घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसा मिळाल्याचं तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून वारसा बुडत नाही, पण अर्ज मात्र लगेच करा.

इथेच कोणीतरी सांगतं, "आधी कोर्टातून वारस दाखला आणा." वारसांत वाद नसेल तर सातबाऱ्याच्या साध्या नोंदीसाठी तो लागत नाही. या एका सल्ल्यापायी लोक वकिलाचे पैसे भरत बसतात आणि अर्ज तसाच पडून राहतो. कोणी अडून बसलं तर म्हणावं, "साहेब, हे लेखी द्या."

आता खरी मेख. अर्जासोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं असतं आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो. टाइप करणारा विचारतो, "मुलं किती?" आपण मुलग्यांची नावं सांगून मोकळे होतो. असं करू नका. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. आईचं नाव तर हमखास राहतं. आजी समोर ओसरीवर बसलेली असते आणि कागदावर ती नसते! आधी वारलेल्या मुलाची बायको-पोरं, आधी वारलेल्या मुलीची मुलंही यात येतात. मुलीचं लग्न कधी झालं याचा इथे काडीचा संबंध नाही.

"बहिणींना काही नकोय, कशाला नावं लावायची?" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलंय. शपथेवर खोटी यादी देणं हा गुन्हा आहे. शिवाय वगळलेली बहीण किंवा तिची मुलं पुढे दावा लावतात, तेव्हा झालेले व्यवहारही लटकतात. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लावा, मग तिच्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन जमिनीचा हक्क सुटत नाही.

जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर जास्तच जपा. ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव आहे, जमीन एकट्याची नाही. तो वारल्यावर फक्त त्याच्याच मुलांची नावं चढली तर चुलत्यांची घरं कागदावरून पुसली जातात. त्यामुळे अर्जाआधी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, काढून वाचाच.

पुढचा गोंधळ "मंजूर" या शब्दाचा. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये (वारसांच्या नोंदवहीत) होते आणि मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवतात. हा वारस ठराव मंजूर झाला की लोकांना वाटतं, काम झालं. तसं नाही. त्यानंतर नमुना ६ मध्ये (फेरफारांच्या नोंदवहीत) फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. सातबारा बदलतो तो तेव्हाच. म्हणून चौकशी करताना "फेरफार नंबर किती आणि प्रमाणित झाला का?" एवढंच विचारा.

ते पंधरा दिवस झोपून काढू नका. गावच्या चावडीवर किंवा "आपली चावडी" या वेबसाइटवर नोटीस उघडा आणि नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्या नात्यात एका विधवा सुनेच्या नावापुढे "अविवाहित मुलगी" असं पडलं होतं. नोटीस वाचली म्हणून वेळेत तक्रार देता आली. प्रमाणित झाल्यावर लेखनदोष असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज चालतो. पण वारसच वगळला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील लागतं आणि त्याला साठ दिवसांची मुदत आहे.

नोंद झाल्यावर नवा सातबारा आणि आठ-अ काढून दोन्हींत प्रत्येक नाव आलंय का बघा. सगळ्यांची नावं लागली म्हणजे वाटप झालं नाही, जमीन अजून सामाईकच असते. सहमतीने वाटप हवं असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करा.