एल निनोवर काम करायचंय? आधी विर्त्की जेट बघा

एमएस्सी फिजिक्स करून मी समुद्रविज्ञानाकडे वळले. आता दरवर्षी नवीन मुलं विचारतात, "मॅडम, एल निनोवर प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरुवात करू?" मी म्हणते, एल निनो बाजूला ठेवा. साध्या, निरोगी वर्षात प्रवाह कसा वाहतो ते आधी पाठ होऊ द्या, मग बिघडलेल्या वर्षाकडे या.

यासाठी मी देते तो धडा आपल्याच महासागरातला आहे. पॅसिफिकमध्ये विषुववृत्तावर पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे जवळजवळ बारमाही. हिंदी महासागरात मोसमी वाऱ्यांनी सगळं उलटंपालटं करून ठेवलंय. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे दोन मोसमांच्या सांध्यावर, विषुववृत्तावर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि पृष्ठभागाचं पाणी सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने सुमात्राकडे धावतं. क्लाउस विर्त्की यांनी 1973 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही 'विर्त्की जेट' (जेट म्हणजे अरुंद, वेगवान प्रवाह). पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी बाजूला वळवणारं कोरिऑलिस बल विषुववृत्तावर शून्य असतं, त्यामुळे वारा ढकलेल तिकडे पाणी सरळ जातं. पुस्तकातलं भूविक्षेपी (जिऑस्ट्रॉफिक, म्हणजे दाबाचा उतार आणि कोरिऑलिस बल यांच्या तोलावर वाहणाऱ्या) प्रवाहाचं सूत्र मात्र इथे जसंच्या तसं चालत नाही, कारण छेदात शून्य येतं. हे एकदा कागदावर सोडवून बघा. मुलाखतीत हमखास विचारतात.

आता 1997 काढा. त्या वर्षी हिंदी महासागरात जोरदार धन द्विध्रुव (पॉझिटिव्ह आयओडी) होता: सुमात्राजवळचं पाणी थंड, आफ्रिकेकडचं उबदार. विषुववृत्तावर पूर्वेकडून वारे वाहू लागले आणि शरद ऋतूतली जेट कोलमडली. काही काळ पाणी चक्क पश्चिमेला गेलं. वसंतातल्या जेटला तेवढा फटका बसत नाही, कारण द्विध्रुव जूनच्या आसपास आकार घेतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिगेला पोहोचतो. मला हा भाग फार आवडतो: एकाच जागी, एकाच वर्षात, एक जेट जवळपास शाबूत आणि दुसरी गायब. 'वर्षागणिक बदल' हा शब्द शंभर वेळा वाचून जे कळत नाही, ते या एका आलेखात दिसतं. आलेख सोपा आहे. आडव्या अक्षावर रेखांश, उभ्यावर महिने, रंगात प्रवाहाचा वेग. उपग्रहांवरून काढलेले 'ऑस्कर' प्रवाह मोफत मिळतात आणि पायथनमधलं एक्सअरे (असा डेटा हाताळायचं पॅकेज) आलं की दोन दिवसांचं काम.

आता पॅसिफिक. तिथे पृष्ठभागावर पाणी पश्चिमेला जातं, पण खाली, शंभर-दोनशे मीटरवर, एक जोरकस प्रवाह उलटा पूर्वेला वाहतो. व्यापारी वाऱ्यांनी पश्चिमेला पाण्याचा फुगवटा केलेला असतो आणि त्याच्या उतारामुळे हा प्रवाह टिकतो. एल निनोत वारे मंदावले की उतार कमी होतो. 1982-83 मध्ये मध्य पॅसिफिकमधला हा प्रवाह काही काळ नाहीसाच झाला होता. तो एल निनो येतोय हे बहुतेकांना वेळेत कळलंच नाही, म्हणून पुढे विषुववृत्तावर सुमारे सत्तर बॉयची (मोजमापं घेणाऱ्या तरंगत्या उपकरणांची) रांग उभी राहिली. (त्यांना तळाशी नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाकं लावतात. नवख्यांना एवढं एकच लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.) आपल्याकडे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 2000 पासून विषुववृत्तावर करंट मीटरची मूरिंग (तळाला नांगरलेले, प्रवाह मोजणारी उपकरणं बांधलेले दोर) लावली.

एक इशारा. उपग्रहांची समुद्रपातळीची सलग नोंद 1992 पासूनची. त्यात ठसठशीत धन द्विध्रुव किती? 1994, 1997, 2006, 2019, 2023. बोटांवर मोजावेत एवढे. अशा नमुन्यावर काढलेला सहसंबंध कितीही देखणा असला तरी त्यावर प्रबंध उभा करू नका. शिवाय 1997 मध्ये एल निनो आणि द्विध्रुव दोन्ही एकत्र होते, त्यामुळे कोणी काय केलं हे वेगळं काढणं अवघड. 2015 मध्ये एल निनो प्रचंड, द्विध्रुव बेताचा. 2019 मध्ये नेमकं उलट. माझ्या मते ही तीन वर्षं शेजारी मांडणं शंभर सहसंबंधांपेक्षा जास्त शिकवतं.

विषुववृत्त फार लांब वाटत असेल तर गोव्याच्या किनाऱ्याचा विचार करा. विषुववृत्तावरची गडबड केल्विन लाटांच्या (विषुववृत्ताला किंवा किनाऱ्याला धरून सरकणाऱ्या लांबलचक लाटांच्या) रूपाने सुमात्रापर्यंत जाते, बंगालच्या उपसागराच्या कडेने फिरते आणि श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येते. शरदात इथल्या उथळ पाण्यातला ऑक्सिजन जवळपास संपतो. धन द्विध्रुवाच्या वर्षी मात्र तो तसा संपत नाही, असं 2017 मधल्या एका अभ्यासात दिसलं. मासेमारीशी थेट जोडलेला विषय, आणि करण्यासारखं अजून भरपूर आहे.

प्रवेशासाठी फिजिक्स किंवा गणिताचा पाया असला की नेट किंवा गेटच्या वाटेने येता येतं. गोवा विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, पुण्याचीच आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था) ही जवळची ठिकाणं. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात) छोटे प्रशिक्षण वर्ग होतात, तेही बघा. मार्गदर्शकांना ईमेल करताना बायोडाटाबरोबर 1996 आणि 1997 च्या जेटचे स्वतः काढलेले दोन आलेख जोडा आणि फरक तुमच्या शब्दांत चार ओळींत लिहा. माझ्याकडे असं ईमेल आलं तर मी त्याच दिवशी उत्तर देते.