सैन्यातल्या भावासोबत अमेरिकेत घर घेताय? या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं अमेरिकेच्या सैन्यात होता. तो बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी मिळून घर घ्यायचं ठरवलं. त्याला व्हीए लोन (अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, हमीचं गृहकर्ज) मिळतं, म्हणजे डाऊन पेमेंट (सुरुवातीला आपल्या खिशातून भरायची रक्कम) शून्य, एवढंच आम्हाला ठाऊक. लेंडरचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचा, माणूसही फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाला. क्लोजिंगला, म्हणजे सह्या होऊन घर नावावर व्हायला, तीन आठवडे उरले असताना कागद अंडररायटरकडे (कर्ज तपासून मंजूर करणाऱ्याकडे) गेले आणि निरोप आला: सहकर्जदार पत्नी नाही, भाऊ आहे, असं कर्ज आम्ही करत नाही. घर गेलं. आईनं देव्हाऱ्याचा कोपरासुद्धा बघून ठेवला होता.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सख्खा भाऊ म्हणजे घरचाच, असं आपण धरून चालतो. व्हीए मात्र नवरा-बायको हे एकच नातं मानतं. भाऊ, बहीण, आई-वडील, मित्र, साखरपुडा झालेली मुलगी, सगळे एका रांगेत. व्हीए सहसा स्वतः कर्ज देत नाही. १९४४ च्या जीआय बिलापासून (सैनिकांसाठीच्या कायद्यापासून) ते लेंडरला कर्जाच्या काही भागाची हमी देत आलं आहे, आज ती साधारण २५ टक्के. त्या हमीवरच शून्य डाऊन पेमेंट उभं आहे. सहकर्जदार जोडीदार नसेल आणि स्वतः व्हेटरनही (सैन्यात सेवा केलेला) नसेल, तर हमी फक्त व्हेटरनच्या हिश्श्यापुरती.

४ लाख डॉलरचं कर्ज दोघांत निम्मं-निम्मं धरा. हमी २ लाखांच्या २५ टक्के, म्हणजे ५० हजार. नवरा-बायको असते तर ती १ लाख झाली असती. मधली तूट लेंडर डाऊन पेमेंटमधून भरून मागतो, साधारण साडेबारा टक्क्यांच्या आसपास. प्रत्येकाचा हिशोब थोडा वेगळा. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर घरं बघत फिरू नका. लग्न ठरलेलं असेल, तर क्लोजिंगच्या आधी कोर्टात नोंदणी उरकून घ्या, मांडव नंतर घाला.

दुसरी चूक लेंडर निवडताना होते. अशा कर्जाला व्हीएची पूर्वमंजुरी लागते, वेळ जास्त जातो, म्हणून कित्येक लेंडर त्या वाटेला जात नाहीत. पहिल्याच फोनवर विचारा: ‘व्हेटरन आणि जोडीदार नसलेला बिगर-व्हेटरन, असं जॉइंट लोन तुम्ही करता का?’ उत्तर ईमेलवर घ्या. ऑफरमध्ये क्लोजिंगची तारीखही लांबची टाका.

‘दादाचा पगार मोठा आहे, भागेल’ हाही भ्रमच. व्हेटरनचं उत्पन्न भक्कम असेल तर दुसऱ्याची कमतरता झाकली जाते, पण उलट चालत नाही. व्हेटरनला आपला हिस्सा आपल्याच उत्पन्नावर झेपला पाहिजे. भाऊ नुकताच सैन्यातून बाहेर पडून कॉलेजात जात असेल, तर नोकरी लागेपर्यंत थांबलेलं बरं.

फंडिंग फी, म्हणजे या कर्जासाठी व्हीए घेतं ती एकरकमी फी, व्हेटरनच्या हिश्श्यावरच लागते. पहिल्यांदा, डाऊन पेमेंटशिवाय २.१५ टक्के, १० टक्के किंवा जास्त भरले तर १.२५. सैन्यातल्या दुखापतीची व्हीएकडून भरपाई मिळत असेल तर फी माफ. भरपाईचा अर्ज पडून असेल, तर घराआधी त्याचा पाठपुरावा करा.

घरात राहायचं व्हेटरननं, साधारण ६० दिवसांच्या आत. त्याच्या नावावर घर घेऊन भाड्यानं द्यायचा विचार असेल तर इथंच सोडून द्या.

आणि पुढचं बोलायला सगळेच संकोचतात. भावाला उद्या दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आणि तुम्ही त्याच घरात राहिलात, तर त्याचा व्हीएचा हक्क या कर्जात अडकून राहतो. तिकडे शून्य डाऊन पेमेंटचं घर त्याला कदाचित मिळणार नाही. हप्ता थकला तर लेंडर दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, निम्मी नव्हे. कोण कधी बाहेर पडणार, घराची किंमत कशी ठरवायची, हे वकिलाकडून लिहून घ्या.

टायटलवर (घराच्या मालकीच्या कागदावर) ‘जॉइंट टेनंट्स’ लिहिलं, तर एकाच्या मृत्यूनंतर हिस्सा थेट दुसऱ्या भावाकडे जातो, बायको-मुलांकडे नाही. ‘टेनंट्स इन कॉमन’ असेल तर आपापल्या वारसांकडे. क्लोजिंगच्या टेबलावर हे ठरवायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. आधीच, घरी, वहिनीला शेजारी बसवून बोलून घ्या.