दुसऱ्या महायुद्धातील ट्रक मॉडेलसाठी निवडताना

ट्रकच्या मॉडेलचे किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: हा ट्रक कोणत्या सैन्याचा आहे, तो कोणत्या वर्षातला, शक्यतो कोणत्या महिन्यातला आहे, आणि त्या दिवशी त्याच्या हौद्यात काय भरलेले होते. या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना केवळ खोक्यावरच्या चित्राला भुलून घेतलेले किट पुढे हमखास अडचणीत आणते. रणगाडा निवडताना त्याच्या तोफेचा आणि बुरुजाचा प्रकार आपण बारकाईने तपासतो. तेवढीच चिकित्सा ट्रकच्या बाबतीतही करायला हवी, कारण युद्धाच्या चार-पाच वर्षांत पोलादाची टंचाई, जहाजावरची अपुरी जागा आणि कारखान्यांवरचा ताण यांमुळे ट्रकची केबिन, हौदा आणि मडगार्ड वारंवार बदलत गेले. ट्रकचे वय याच भागांवरून ओळखावे लागते.

सुरुवात करणाऱ्याने अमेरिकेचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अडीच टनी, सहाही चाकांना ताकद असलेल्या या ट्रकची संख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली, त्यामुळे नॉर्मंडीपासून ब्रह्मदेशापर्यंत जवळजवळ कोणत्याही दोस्त आघाडीच्या देखाव्यात तो शोभतो. त्याच्या नावातली अक्षरे समजून घेतली की निवड सोपी होते. पहिला सी म्हणजे १९४१ ची रचना, दुसरा सी म्हणजे नेहमीची, बोनेटमागची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही धुऱ्यांना ताकद. ३५३ हा आकडा लांब चासीसाठी (चासी म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा), ३५२ हा आखूड चासीसाठी. आखूड ट्रक मुख्यतः तोफा ओढण्यासाठी वापरला जाई आणि त्याच्या स्टेपन्या केबिन व हौदा यांच्यामध्ये उभ्या बसवलेल्या असत. म्हणून मागे तोफ जोडायची असेल तर ३५२ आणि खोकी, पिंपे, सैनिक वाहून न्यायचे असतील तर ३५३ निवडावा.

यानंतर केबिन पाहावी. आधीच्या ट्रकांना पत्र्याची बंद केबिन होती. युद्धाच्या उत्तरार्धात पोलाद वाचवण्यासाठी आणि जहाजावर ट्रक कमी जागेत मावावा म्हणून कापडी छताची उघडी केबिन आली. हौद्याचेही तसेच झाले: आधी पोलादी, मग लाकडी, नंतर दोन्हींचे मिश्रण. याचा अर्थ १९४४ च्या देखाव्यात बंद केबिनचा, पोलादी हौद्याचा जुना ट्रक चालतो, परंतु १९४२ च्या देखाव्यात उघड्या केबिनचा ट्रक चालत नाही. जुने नव्यात मिसळते, नवे मागे जाऊ शकत नाही, हा नियम प्रत्येक देशाच्या वाहनाला लागू करून पाहावा. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये चाललेल्या रेड बॉल एक्सप्रेस या रसदवाहतुकीचा देखावा करायचा असेल, तर दोन्ही प्रकारच्या केबिन एकाच रांगेत दाखवता येतात आणि मॉडेल करणाऱ्याला याहून मोकळा विषय क्वचितच मिळतो. त्या वाहतुकीतले सुमारे तीन-चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. केबिनमध्ये आकृती बसवणार असाल तर हे विसरू नये.

ट्रकखालून पाहिल्यास आणखी एक भेद दिसतो. काही सीसीकेडब्ल्यूंच्या धुऱ्यांमधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दात्यांचा, गोळा दोन भाग जोडून केलेला आहे, तर काहींचा एकसंध, गोल तबकडीसारखा आहे. किट पाहताना स्प्रूवरचा (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरचा) हा एकच भाग शोधला, तरी निर्मात्याने अभ्यास कितपत केला आहे ते कळते. टामिया या कंपनीचा हा ट्रक १/३५ आणि १/४८ (खऱ्याच्या पस्तिसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका) अशा दोन्ही प्रमाणांत मिळतो आणि जुळणीला सोपा आहे. हॉबीबॉस कंपनीच्या १/३५ मालिकेत केबिन, हौदा आणि चासी यांचे अनेक प्रकार आहेत, मात्र भागांची संख्या बरीच जास्त आहे.

प्रमाण ठरवताना कपाटातली जागा मोजून घ्यावी. खरा सीसीकेडब्ल्यू ३५३ सुमारे साडेसहा मीटर लांब आहे. म्हणजे १/३५ मध्ये साधारण साडेअठरा सेंटिमीटर, १/४८ मध्ये साडेतेरा आणि १/७२ मध्ये नऊ. सुरुवातीचा शर्मन रणगाडा याहून आखूड आहे, हे पहिल्यांदा दोन्ही शेजारी ठेवल्यावरच लक्षात येते. विमानांचे मॉडेल करणाऱ्यांनी १/४८ किंवा १/७२ हेच प्रमाण धरावे, म्हणजे धावपट्टीवर विमान आणि वाहन एकत्र उभे राहतील. १/७२ आणि १/७६ मात्र एका देखाव्यात मिसळू नयेत. लांबीतला फरक पाच मिलिमीटरच्या आत असला तरी केबिनच्या दाराशी आकृती उभी केली की तो लगेच डोळ्यांत भरतो.

जर्मन बाजूसाठी ओपेल ब्लिट्झ हा तीन टनी ट्रक साहजिक ठरतो. याचे दोन मुख्य प्रकार आहेत: फक्त मागच्या चाकांना ताकद असलेला एस आणि चारही चाकांना ताकद असलेला ए. ए प्रकार थोडा उंच बसतो आणि त्याच्या पुढच्या धुऱ्यात डिफरन्शियल दिसतो. ६ ऑगस्ट १९४४ रोजी ब्रँडेनबर्गच्या कारखान्यावर बाँबहल्ला झाल्यावर तिथले उत्पादन कोलमडले. युद्धाच्या अखेरच्या काळातल्या ब्लिट्झला लाकूड आणि दाबलेल्या पुठ्ठ्याची चौकोनी केबिन असे. १९४१ च्या मॉस्कोच्या वाटेवर ती दाखवणे ही ढोबळ चूक ठरेल. रंगाची तारीखही पक्की आहे: युरोपातली जर्मन वाहने फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद करडी, त्यानंतरच्या आदेशाने गडद पिवळी.

सोव्हिएत ट्रकांमध्ये टंचाईच्या खुणा सर्वांत उघड दिसतात आणि म्हणून मला ते मॉडेलसाठी सर्वांत बोलके वाटतात. झीस-५ चे १९४२ पासूनचे युद्धकालीन रूप पाहावे: गोलाईऐवजी पत्रा वाकवून केलेले कोनदार मडगार्ड, लाकडी केबिन, एकच दिवा, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. त्याहून लहान, दीड टनी गाझ-एए लाडोगा सरोवराच्या बर्फावरून वेढ्यातल्या लेनिनग्राडला धान्य नेत असे. बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून तिथले ड्रायव्हर केबिनचे दार उघडे ठेवत. ज्या किटमध्ये दार वेगळे दिलेले आहे असेच किट त्या देखाव्यासाठी घ्यावे. कात्युशा रॉकेटे बसवायची असतील तर अमेरिकेने पाठवलेला स्टुडबेकर यूएस-६ निवडावा. आयसीएम कंपनीने तो १/३५ मध्ये काढलेला आहे.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा विषय म्हणजे भारतीय डिव्हिजनांची वाहने. उत्तर आफ्रिका आणि इटलीत या सैन्याने कॅनडात बनवलेले फोर्ड आणि शेव्हरोले ट्रक मोठ्या प्रमाणावर वापरले. स्टिअरिंग उजवीकडे, नाक आखूड आणि नंतरच्या, तेरा क्रमांकाच्या केबिनची पुढची काच वरून पुढे झुकलेली. सूर्याची तिरीप काचेवरून चमकून विमानाला दिसू नये म्हणून ती तशी बसवली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. या डिव्हिजनचे चिन्ह क्लोव्हर या वनस्पतीचे आणि चौथ्या डिव्हिजनचे लाल गरुडाचे. ही चिन्हे प्रत्येक किटमध्ये मिळतीलच असे नाही, तेव्हा डिकालची, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांची, सोय आधी करावी.

मदतीच्या वाहनांबाबत एवढेच सांगतो की एकाच चासीवरचे प्रकार आधी हाताळावेत. सीसीकेडब्ल्यूच्याच चासीवर पेट्रोलची टाकी, पाण्याची टाकी, दुरुस्तीची बंद गाडी आणि डंपर बनले, आणि पाण्यात चालणाऱ्या डक या ट्रकमध्येही त्याचेच बरेच भाग होते. रुग्णवाहिकेसाठी ब्रिटिश ऑस्टिन के-२ उत्तम. रणगाडे वाहून नेणारा ड्रॅगन वॅगन मात्र पहिल्याच वर्षी घेऊ नये. १/३५ मध्ये तो जवळपास अर्धा मीटर भरतो.

टायर कोणत्या पदार्थाचे आहेत, हे खरेदीपूर्वी अवश्य तपासावे. माझ्या पहिल्या ट्रकला मऊ, रबरासारखे टायर होते. दोन उन्हाळ्यांनंतर तो कपाटातून काढला, तेव्हा टायर हाताला चिकट लागले आणि रिमच्या कडा मेणासारख्या वितळून त्यांत रुतलेल्या होत्या. अशा टायरमधले द्रव्य प्लास्टिकला हळूहळू खाते. तेव्हापासून मी प्लास्टिकचे किंवा रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) टायर असलेले किटच घेतो, आणि तसे न मिळाल्यास रिमला रंगाचे दोन थर देऊन ते पूर्ण वाळल्यावरच टायर चढवतो. प्लास्टिकच्या टायरवर मधोमध साच्याची रेघ राहते. ती घासताना नक्षी पुसली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

शेवटी हौद्यातले सामान. पेट्रोलचे डबे देशाप्रमाणे ओळखता येतात: जर्मन जेरीकॅनचे झाकण खटक्याचे, अमेरिकी कॅनचे फिरकीचे, आणि १९४१ च्या वाळवंटातल्या ब्रिटिश ट्रकमध्ये पातळ पत्र्याचे, गळके चौकोनी डबे. हौदा भरलेला दाखवणार असाल तर मागच्या स्प्रिंगचे पाटे जवळजवळ सपाट झालेले हवेत, आणि रिकामा असेल तर त्यांची कमान स्पष्ट दिसायला हवी. बहुतेक किटमध्ये पाटे रिकाम्या ट्रकचे असतात, म्हणून मागचे धुरे चिकटवण्याआधीच ताडपत्रीखाली काय ठेवायचे ते ठरवून घ्यावे.