मे सॉटला येताय? आधी पासपोर्टावरचा शिक्का वाचा

नोकरी कशी शोधायची, पदवीची पडताळणी कशी करून घ्यायची, पोलिसांचा दाखला कुठे मिळतो, हे तुम्ही आधीच धुंडाळलेलं असणार. त्यात मी पडत नाही. मी सांगलीची. २०२४ च्या उन्हाळ्यात मे सॉटला आले आणि तेव्हापासून इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती आठवली की अजूनही पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहितेय.

मे सॉट हे थायलंडच्या ताक प्रांतातलं सीमेवरचं गाव. मोएई नदी, तिच्यावर १९९७ साली झालेला मैत्री पूल आणि पलीकडे म्यानमारचं म्यावडी. पलीकडचं घड्याळ थायलंडपेक्षा अर्धा तास मागे असतं आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात. गावात थाई जितकी ऐकू येते तितकीच बर्मी आणि करेन. बाजारात बायका गालाला थानाका, म्हणजे झाडाच्या सालीचा लेप, लावून बसलेल्या असतात. बर्मी चहाच्या टपरीवर तंदुरी नानसोबत उकडलेल्या वाटाण्यांची वाटी येते, ती खाताना मला हमखास घरच्या उसळीची आठवण होते. शाकाहारी असाल तर पिवळ्यावर लाल थाई अक्षरांची ‘जे’ची, म्हणजे शुद्ध शाकाहारी जेवणाची, पाटी शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो, थोडक्यात बारा महिने चातुर्मास. इतर ठिकाणी ‘भाज्याच आहेत’ म्हणून जे ताटात येतं त्यात माशाचा सॉस असतोच.

थाई लोक आपल्याला ‘खेक’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. म्हणणाऱ्याच्या सुरावरून तो पाहुणा कुठल्या प्रकारचा ते कळतं. पहिले काही महिने मला हा शब्द फार लागायचा. ताककडे जाणाऱ्या १२ नंबरच्या हायवेवर चौक्या आहेत, तिथे जवान व्हॅनमध्ये डोकावतो आणि गोऱ्यांना सोडून माझा पासपोर्ट मागतो. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही. शाळेतली मुलं मात्र ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरूच. तेवढ्यावर दिवस निघतो.

आता ती चूक. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आपल्या डोक्यात सगळ्याला मिळून एकच शब्द असतो, ‘व्हिसा’. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात. नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, हे आत येण्याचं तिकीट. ते एकदा वापरलं की संपलं. आत आल्यावर तुम्हाला राहायची मुदत मिळते आणि शाळेच्या कागदांवर ती १,९०० बाट भरून वर्षभरासाठी वाढवून घेता येते, ते एक्स्टेन्शन. तिसरं वर्क परमिट. मेख दुसऱ्या गोष्टीत आहे. एक्स्टेन्शन म्हणजे ‘देशात राहायची’ परवानगी. तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकलंत की ती त्या क्षणी मरते, मग तुमचे आठ महिने शिल्लक असोत की आठ दिवस. ती जिवंत ठेवायची असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं. एकदाच जाऊन येण्याचं १,००० बाट, कितीही वेळा जाण्याचं ३,८००. फॉर्म टीएम-८, सोबत ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो. मी विसरले असते तरी सुवर्णभूमी विमानतळावर निघतानासुद्धा ते करून मिळतं. पण विसरायला आधी माहीत असावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये शाळेला सुट्टी असते. दसऱ्याला घरी जायचं म्हणून मी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारलं. युरोपातला माणूस, पंधरा वर्षं इथे राहिलेला. म्हणाला, ‘एक्स्टेन्शन आहे ना? मग जा बिनधास्त.’ मी गेले, चकल्या घेऊन परत आले. विमानतळावरच्या बाईंनी शिक्का मारला, मी पासपोर्ट मिटला आणि रात्रीची बस पकडली.

दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. माझ्या जुन्या पावतीवर १९ डिसेंबर होता, म्हणून मी १७ तारखेला गेले. खरं तर देशात पुन्हा आल्यावर ते ९० दिवस नव्यानं मोजायचे असतात, म्हणजे मला त्या दिवशी जायची गरजच नव्हती. ही दुसरी चूक केली नसती तर मला काही कळलंच नसतं. काउंटरवरच्या बाईंनी पानं उलटली, पुन्हा मागे गेल्या, मग शिक्क्याखाली पट्टी ठेवून पासपोर्ट माझ्याकडे फिरवला. २२ डिसेंबर. त्या वर्षीच्या जुलैपासून भारतीयांना बिनव्हिसाचे ६० दिवस मिळत होते, मलाही तेच मिळाले होते. पर्यटक म्हणून. पर्यटकाच्या शिक्क्यावर मी दीड महिना वर्ग घेत होते. ‘ख्रू, नो री-एंट्री,’ एवढंच त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता, त्यामुळे मला जास्तच रडू आलं.

हातात पाच दिवस होते. देशातल्या देशात व्हिसा बदलून घ्यायला तेवढे पुरत नाहीत. शाळेनं नवे कागद केले आणि मी त्याच १२ नंबरच्या हायवेच्या दुसऱ्या टोकाला, मुकदाहानला गेले. तिथे मेकाँगवर दुसरा मैत्री पूल, पलीकडे लाओसचं सवन्नखेत आणि तिथे थाई वाणिज्य दूतावास. नवा नॉन-बी, परत आल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तीन आठवडे बिनपगारी. बस, लॉज, फी आणि बुडालेला पगार मिळून वीस हजार बाटांच्या वर गेले. हजार बाटांचं परमिट नव्हतं म्हणून.

त्या सहकाऱ्याचा राग मी बरेच दिवस धरला होता. मग कळलं की त्याची थाई बायको दर वर्षी एक्स्टेन्शनबरोबर त्याचं ३,८०० वालं परमिटही करून आणते. त्याला ते वेगळं असतं हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो: सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, ‘तुमचा पासपोर्ट कुठला आणि तुमची कागदपत्रं कोण करतं?’ पंधरा वर्षांच्या अनुभवापेक्षा गेल्या महिन्यात स्वतः रांगेत उभा राहिलेला नेपाळी किंवा फिलिपिनो शिक्षक बरा. आणि ‘पासपोर्ट द्या, घरी बसा’ म्हणणारे एजंट मला आवडत नाहीत. काही प्रामाणिक असतीलही. पण स्वतःच्या पासपोर्टात काय छापलंय हे न कळणारी माणसं त्यांच्याचमुळे तयार होतात. मीही त्यातलीच होते, फक्त एजंट न लावता.

याहून गंभीर एक गोष्ट, दोनच ओळींत. ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट, मे सॉटला रिपोर्ट करा’ असा मेसेज आला असेल तर येऊ नका. नदीपलीकडे सायबर फसवणुकीचे अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये त्यांतून सुटलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी इथूनच परत नेलं. कुणी नोकरीसाठी नदी ओलांडायला सांगितलं की बोलणं तिथेच थांबवा.

बाकी राहायला गाव चांगलं आहे, खरंच. घरमालकाला पहिल्याच दिवशी टीएम-३० (परदेशी माणूस राहायला आल्याचं इमिग्रेशनला कळवायचा फॉर्म) भरायला सांगा, त्याला २४ तासांची मुदत असते. भाडेकरारावर २५६७ असं बौद्ध साल दिसलं तर दचकू नका, त्यातून ५४३ वजा करायचे. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि डोंगर जळत असतात, घसा खवखवतो, मास्क घेऊन या. सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे थांबा.

पुढच्या ऑक्टोबरला घरी जाण्याआधी मी परमिटासाठी त्याच काउंटरवर गेले. बाईंनी मला ओळखलं. परत आल्यावर मी त्यांच्यासाठी चकल्यांची पुडी नेली, ती त्यांनी हसून नाकारली, चालत नाही म्हणाल्या. पण पासपोर्ट मागून घेतला, शिक्क्याचं पान उघडलं आणि तारखेखाली पट्टी ठेवून माझ्याकडून ती मोठ्यानं वाचून घेतली.