लिंक करण्याआधी लायब्ररींचा क्रम तपासा

कंपायलर आहे, हेडर आहेत, हे धरूनच चालतो. मेकफाइल (मेकसाठी बिल्डच्या सूचनांची फाइल) उघडली की पहिल्यांदा एलडीफ्लॅग्ज (LDFLAGS, लिंकरला द्यायचे पर्याय) बघा. त्यात लहान -एल (-l) ने सुरू होणारं, म्हणजे लायब्ररीचं नाव, काहीही असेल तर ते उचलून एलडीलिब्जमध्ये (LDLIBS, लायब्ररींची यादी) टाका. मागच्या खेपेला मी ओपनएसएसएलच्या दोन्ही लायब्ररी एलडीफ्लॅग्जमध्ये लिहिल्या. मॅकवर बिल्ड बिनबोभाट झालं, उबुंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची (नाव वापरलंय, पण सापडत नाही) रांग लागली. अर्धी रात्र मी पॅकेज काढून परत टाकत बसलो. पॅकेजला काहीही झालेलं नव्हतं.

ग्नूचा लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल्स आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्राम, कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. .ए फाइल (.a, स्टॅटिक लायब्ररी) आली की त्या क्षणी जे सिंबॉल (फंक्शन, व्हेरिएबलची नावं) अजून सापडलेले नाहीत, तेवढ्यांपुरत्याच ऑब्जेक्ट फाइल्स तो त्यातून घेतो आणि पुढे जातो. मागे वळत नाही. मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्टच्या आधी येतात, एलडीलिब्ज नंतर. म्हणजे एलडीफ्लॅग्जमधली लायब्ररी वाचली जाते तेव्हा तिच्याकडे कुणी काही मागितलेलंच नसतं. मॅकचा लिंकर आधी पाहिलेल्या लायब्ररी लक्षात ठेवतो, म्हणून तिथे ही चूक दिसतच नाही. आणि .एसओ (.so, शेअर्ड लायब्ररी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका: उबुंटूत 11.10 पासून 'ॲज-नीडेड' (गरज नसलेली लायब्ररी वगळणारा पर्याय) आपोआप चालू असतं, तिथेही लायब्ररी आधी लिहिली तर गळते. एलडीलिब्ज. एलडीफ्लॅग्ज नाही.

आता आतला क्रम. जिला गरज आहे ती आधी, जी गरज भागवते ती नंतर: एसएसएल, मग क्रिप्टो. दोन .ए फाइल्स एकमेकींवर अवलंबून असतील तर पहिली शेवटी पुन्हा लिहा, किंवा दोघींना स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपमध्ये घाला, म्हणजे लिंकर त्या पुन्हा पुन्हा तपासतो. लायब्ररी टार्गेटच्या प्रीरिक्विझिटमध्ये (टार्गेट ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइल्स) लिहीत असाल तर सावध राहा, $^ ही त्यांची यादी देताना दुसऱ्यांदा आलेलं नाव गुपचूप काढून टाकतं. तिथे $+ वापरा.

स्टॅटिक लिंकसाठी पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररीसाठी लागणारे पर्याय सांगणारं साधन) --स्टॅटिक द्या. ऑटोमेक असेल तर लायब्ररी एलडीॲडमध्ये (LDADD). सीमेकमध्ये टार्गेट-लिंक-लायब्ररीज, अवलंबित्व खरं लिहा. अडलं तर एनएम (nm) चालवा, कुठल्या फाइलमध्ये कुठले सिंबॉल आहेत ते दिसतं.

शेवटी लिनक्सवर मेक क्लीन करून पुन्हा बिल्ड. आणि कमिट करण्याआधी एलडीफ्लॅग्जची ओळ परत वाचा. लहान -एल (-l) दिसलं तर हलवा.