पायांवरील बारीक शिरांसाठी इंजेक्शन: आधी काय तपासावे, नंतर काय पाळावे

मांडीवर, गुडघ्यामागे किंवा घोट्याभोवती त्वचेखाली दिसणाऱ्या लाल-निळ्या बारीक शिरांवर स्क्लेरोथेरपी हा उपचार केला जातो. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट यांसारखे औषध अतिशय बारीक सुईने थेट शिरेत सोडले जाते. त्यामुळे शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि बंद पडलेली शीर शरीर हळूहळू शोषून घेते.

सुरुवात मात्र तपासणीपासूनच व्हायला हवी. आतल्या एखाद्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी झाल्या असतील आणि तिच्यातून रक्त उलटे येऊन वरच्या जाळ्यात साचत असेल, तर केवळ वरच्या शिरा बंद करून फारसा उपयोग होत नाही, कारण शेजारी नव्या शिरा उमटत राहतात. पाय जड वाटत असतील, संध्याकाळी सूज येत असेल किंवा शिरा फुगलेल्या असतील, तर आधी डॉप्लर सोनोग्राफी (शिरांमधील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी. अशी लक्षणे असूनही कोणी लगेच इंजेक्शन सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

गरोदरपणात हा उपचार करत नाहीत. स्तनपान, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती डॉक्टरांना न विसरता द्यावी. उपचाराच्या दिवशी पायांना तेल किंवा क्रीम लावू नये.

इंजेक्शन घेताना थोडी चुणचुण किंवा आग होते. भूल सहसा लागत नाही. त्यानंतर झोपून न राहता लगेच थोडे चालावे. दाब देणारे मोजे डॉक्टर सांगतील तितके दिवस घालावेत आणि काही दिवस गरम पाण्याची अंघोळ, कडक ऊन व जड व्यायाम टाळावा.

परिणाम दिसायला धीर लागतो. बारीक शिरा साधारण 3 ते 6 आठवड्यांत फिकट होतात, मोठ्या शिरांना 3 ते 4 महिने लागू शकतात आणि अनेकांना एकाहून अधिक वेळा इंजेक्शने घ्यावी लागतात. मधल्या काळात उमटणारे तपकिरी डाग बहुधा काही महिन्यांत जातात. मात्र एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली किंवा इंजेक्शनच्या जागी जखम झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, छातीत दुखले किंवा दृष्टी वा बोलणे बिघडले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.